काचेआडची अंघोळ

सांगलीच्या त्या दवाखान्याचा विषय निघाला की बनुबाईंना आधी आठवायचं ते आवारातलं चिंचेचं झाड. डॉक्टर नाही, यंत्रं नाहीत, औषधांचा वास नाही. चिंच. चौऱ्याण्णव साली त्या झाडाखाली अर्धा जिल्हा राहायला होता म्हटलं तरी चालेल. जतची माणसं, तासगावची माणसं, पलीकडं अथणीकडची कानडी बोलणारी माणसं. ज्याचा माणूस आत, त्याचा संसार झाडाखाली. स्टो, तवा, पाण्याची कळशी, फांदीवर वाळणारी लुगडी. एकाच्या भाकरीवर दुसऱ्याचं कोरड्यास पडायचं. नाव-गाव विचारायच्या आधी माणसं विचारायची, तुमचं कोण हाय आत, आणि काय झालंय. आता म्हणे ते झाड तोडून तिथं गाड्या लावायची सोय केली. बनुबाईंनी हे ऐकलं तेव्हा झाड तोडणाऱ्या साहेबाच्या अकलेबद्दल त्या जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बनुबाई म्हणजे शिराळ्याच्या अलीकडच्या एका गावातल्या थोरल्या घरच्या मालकीण. शाळा दुसरीतच सुटली होती, पण तोंडाला कधी कुलूप लागलं नव्हतं. सोसायटीच्या चेअरमनपासून डेअरीच्या सेक्रेटरीपर्यंत त्यांच्या दारावरून जाताना माणूस खाली बघून जायचा. मालक लालासाहेब अगदी उलटे. फौजेत हवालदार होऊन पेन्शनीवर आलेले, ताठ कण्याचे, आणि बोलणं इतकं कमी की नव्या पाव्हण्याला वाटावं, काहीतरी बिनसलंय. घरात दोघांच्या वाटणीचं बोलणं बनुबाईच बोलायच्या.

त्या साली उसाला पाणी पाजायला म्हणून लालासाहेब रानात गेले, खोपीत झोपले, आणि उजाडता उजाडता घरी आले ते पोट धरून. जीभ जड, पापण्या मिटायला लागलेल्या, चालताना पाय एकमेकांत अडकताहेत. बनुबाई शेण काढत होत्या. त्यांनी एकदा खालून वर बघितलं आणि विचारलं, "कॅन्टीनची बाटली रानात न्हेली व्हती व्हय?" लालासाहेबांनी नुसती मान हलवली. ती मान परत सरळ होईना तेव्हा बनुबाईंच्या हातातली पाटी पडली. धाकटा दीर सयाजी धावत आला, त्यानं डोळ्यांकडं बघितलं, आणि म्हणाला, "वैनी, ही दारू न्हवं. मण्यार हाय."

गावात तेवढ्यात दोन तट पडले. एक म्हणे देवळात नेऊन बसवा, एक म्हणे शिराळ्याच्या जाणत्याला बोलवा, नागपंचमीला जित्या नागांना खेळवणारी माणसं ती, त्यांना उतारा ठाऊक असणार. बनुबाईंनी जीप बोलावली. कुणीतरी देवाचं नाव काढलं तर म्हणाल्या, "देवाला सांगा, सांगलीस्नं आल्यावर भेटती त्याला." इस्लामपुरात पहिलं इंजेक्शन झालं. पुढच्या रस्त्याला श्वास तोकडा पडत गेला. सांगलीत पोचेपर्यंत लालासाहेबांचं अंग ओल्या पोत्यासारखं झालं होतं. डॉक्टरांनी तोंडातून नळी घातली, नळी यंत्राला जोडली आणि सांगितलं, की आता त्यांचा श्वास हे यंत्र घेणार. विष उतरलं तर माणूस उठेल.

उतरायचं ते आतमध्ये. आणि आत कुणाला सोडत नव्हते.

अतिदक्षता विभाग असं दारावर लिहिलं होतं. बोळाकडच्या भिंतीत एक मोठी काच होती. नातेवाइकांनी यायचं, काचेला नाक लावून बघायचं आणि निघायचं. वॉचमन बिराप्पा स्टुलावर बसलेला असायचा. बनुबाईंनी त्याला समजावून बघितलं, दरडावून बघितलं, भाकरी देऊन बघितली. भाकरी त्यानं खाल्ली, दार उघडलं नाही. तीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी आयुष्य गेलं, त्याच्यात आणि आपल्यात एक काच, आणि काचेला कडी नाही. बनुबाईंना दुसरं काही नको होतं. त्याच्या उशाला बसायचं होतं, एवढंच.

त्या वॉर्डाची सिस्टर होती आम्रपाली. तिशीची, किडकिडीत, चालणं झपाझप. पहिल्याच दिवशी बनुबाईंनी तिला सगळ्यांना विचारतात ते विचारलं, कुठली आणि कुणाची. तिनं सांगितलं, शिराळ्याची, बुद्धविहाराशेजारच्या सोपानरावांची थोरली. सयाजीचा चेहरा लगेच आंबला. सिस्टर आत गेल्यावर तो पुटपुटला, की दादाला आता हिच्या हातनं सगळं करून घ्यायचं का. बनुबाई त्याच्याकडं न बघताच म्हणाल्या, "मग तू घाल जा आंगूळ. काढ त्यांचं मूतपाणी. जमतंय का?" 

दोन दिवस असे गेले. बनुबाई चिंचेखालून उठायच्या, काचेपाशी जायच्या, यायच्या. आत हालचाल एकाच गोष्टीची, यंत्राच्या काळ्या भात्याची. वर-खाली, वर-खाली. लालासाहेबांचं बोटसुद्धा हलत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या काचेपाशी उभ्या होत्या तेव्हा आम्रपाली पाण्याचं भांडं घेऊन खाटेपाशी आली. तिनं लालासाहेबांच्या अंगावरची चादर काढली. कोमट पाण्यानं त्यांचं अंग डोक्यापासून पायापर्यंत पुसलं. दुसऱ्या सिस्टरच्या मदतीनं कुशीवर वळवून पाठ पुसली. कोरी पांढरी चादर घातली. मग बोटांनी हळूच दोन्ही पापण्या मिटवल्या आणि वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या. मग एक पांढरी पट्टी गालांवरून घेऊन मानेमागं बांधली. शेवटी तिनं बोळा पाण्यात बुडवला, तो ओठांवरून आणि जिभेवरून फिरवला, आणि हिरवा पडदा ओढून घेतला.

अंघोळ. कोरं वस्त्र. डोळे मिटणं. जबडा बांधणं. तोंडात पाणी. त्या मुलखात ही कामं अशी एकापाठोपाठ माणसाच्या बाबतीत एकदाच होतात.

बनुबाई रडल्या नाहीत. पदर सारखा केला, भिंतीला धरून बोळ ओलांडला, पायऱ्या उतरल्या आणि झाडाखाली येऊन सयाजीला म्हणाल्या, "फोन कर जा. दादा गेलं."

सयाजीनं आयुष्यात वहिनीच्या शब्दावर उलट विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारलं नाही. तो एसटीडीच्या टपरीकडं पळाला आणि गावातल्या तात्याबाच्या दुकानात फोन लावला. पुढचं सगळं गावानं केलं. दुकानं मिटली. शाळा सुटली. तात्याबानं स्वतः बांबू तोडून आणले, मडकं आणलं, गोवऱ्या रचल्या. लेक विश्वजीत पठाणकोटला पलटणीत होता, त्याला तार गेली. आणि दुपार कलायच्या आत कारखान्याला ऊस नेणारा एक ट्रक दवाखान्याच्या आवारात येऊन उभा राहिला, उसाच्या जागी गाव भरून.

ट्रकचं फळकं पडलं आणि बायकांनी हंबरडा फोडला. गावाकडचं रडणं म्हणजे नुसतं पाणी गाळणं नव्हे. त्यात बोल असतात. लालासाहेबांची म्हातारी चुलती सुलाबाई तर त्यात नाव काढलेली. तिनं सुरुवात केली ती त्यांच्या बारशापासून. माझा गोरा राजा, माझा शहाणा राजा, कवा कुणाला वाकडं बोलला न्हाई, कुणाच्या बांधाला पाय लावला न्हाई. एकेक गुण काढायची आणि बाकीच्या बायका त्याला साथ द्यायच्या. बनुबाईंचाही बांध तेव्हा फुटला. झाडाखालची जतची, तासगावची, अथणीची माणसंही डोळे पुसायला लागली. वॉर्डाच्या खिडक्या त्याच अंगाला उघडत होत्या.

आम्रपाली धावत बाहेर आली ती हातमोजे न काढता.

"कोण गेलं?"

"आमचं मालक," बनुबाई म्हणाल्या. "काय विचारतीस पुन्हा? तूच तर पानी घातलंस."

"कुणी सांगितलं तुमाला?"

"सांगाय कशाला लागतंय? म्या बघितलं. आंगूळ घातलीस, डोळं झाकलंस, थोबाड बांधलंस."

आम्रपालीनं कपाळाला हात लावला. मग ती बनुबाईंच्या समोर मातीत उकिडवी बसली आणि सावकाश बोलली. "मावशी, मी त्यांची रोजची आंगूळ घातली. डोळं उघडं राहून वाळाय नकोत म्हणून झाकलं. नळी हलू नये म्हणून बांधली. तोंड कोरडं पडतं, ते ओलं केलं. ते जित्ते हायत. आणि त्यास्नी सगळं ऐकाय येतंय. मण्यारीच्या विषात अंग झोपतं, कान झोपत न्हाईत. तुमचा कालवा सुरू झाला आणि त्यांची नाडी पळायला लागलीय. त्या कापसाखालनं पाणी येतंय डोळ्यातनं."

एकेक बाई गप्प होत गेली. शेवटी उरल्या सुलाबाई. त्यांना कमी ऐकू यायचं. त्या लालासाहेबांच्या लग्नापर्यंत आल्या होत्या आणि थांबायला तयार नव्हत्या. दोघींनी धरून त्यांचं तोंड दाबलं तेव्हा आवार शांत झालं.

दुसरी कुणी असती तर खाली मान घालून बसली असती. बनुबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांना लाज वाटली नाही, संताप आला. काचेतनं माणसाला काय दिसणार? मुक्याचा तमाशा दिसणार. आत काय चाललंय हे कुणी तोंडानं सांगायचं नाही, आत कुणी सोडायचं नाही, आणि मग बाहेरच्यानं आपल्या अकलेनं जुळवून घेतलं की ती अडाणी.

"मला आत घे," त्या म्हणाल्या.

"मोठं डॉक्टर—"

"माझ्या आवाजानं नाडी पळाली ना त्यांची? मग माझ्याच आवाजानं बसंल. न्हाईतर तूच जाऊन सांग त्यास्नी, बायको खुळी हाय म्हणून."

 नियम आम्रपालीला पाठ होता, वॉर्डात नव्या येणाऱ्या पोरींना तो तीच शिकवायची. मग ती म्हणाली, "चपला काढा. कोपरापर्यंत हात धुवा." बिराप्पा स्टुलावरून उठला. त्याच्याकडं बघून तिनं नुसती मान हलवली, आणि तो बाजूला झाला.

आत वेगळंच जग होतं. थंड. यंत्रांची टिकटिक. बाहेरून लांब दिसणारी खाट जवळून केवढीशी होती. बनुबाई उशाशी उभ्या राहिल्या आणि त्यांना शब्द सुचेना. जन्मात पहिल्यांदा. आम्रपाली कानाशी म्हणाली, की घरी रोज बोलता तसंच बोला.

मग बनुबाई बोलल्या.

"आवं, काय निजून ऱ्हायलाय? भायेर टरकभर पावनं आल्यात, त्यास्नी च्या कोण देनार, मी? म्हस तुमच्याबिगर दूध चोरून बसलीया. पानी पाजाय गेला आन सरीला पानी सोडून ढाराढूर झोपला, म्हणून चावली ती. पल्टनीत असंच झोपत व्हता व्हय? सरकार पेन्शन कशाची देतंय मग? आन तुमच्या त्या चुलतीला आवरा आधी. माझा गुनी राजा म्हणं. मला इचारा म्हणावं गुन."

आम्रपाली यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यांकडं बघत होती. नाडी हळूहळू खाली येत होती.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. बाहेरचा ट्रक बघूनच त्यांचं डोकं फिरलेलं होतं. त्यांनी विचारलं, ह्या बाईंना आत कुणी घेतलं. आम्रपालीनं सांगितलं, मी घेतलं. डॉक्टर म्हणाले, जंतू येतात, गर्दी होते, उद्या सगळे मागतील, आज हिला घेतलंत तर उद्या कुणाला अडवणार. ह्यातलं काहीच खोटं नव्हतं. आम्रपाली उलट बोलली नाही, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाली, "सर, नाडी बघा. औषध काय वाढवलं न्हाई." डॉक्टरांनी नाडी बघितली, तक्ता बघितला, बनुबाईंकडं बघितलं. बनुबाईंनीही त्यांच्याकडं बघितलं, आणि ते बघणं काय असायचं हे त्या गावचा चेअरमन सांगू शकेल. डॉक्टर जाताना म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर, सिस्टर." पुढं त्या जबाबदारीवरून वरच्या ऑफिसात आम्रपालीला दोनदा उभं केलं. ते तिनं तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतरचे दिवस बनुबाई पुढं सणासुदीच्या दिवसांसारखे आठवायच्या. सकाळी अंघोळीच्या वेळी त्यांना आत बोलावणं यायचं. आम्रपालीनं त्यांना बोळा कसा धरायचा, किती पिळायचा, पाणी घशात जाऊ न देता तोंड कसं ओलं करायचं ते शिकवलं. आम्रपालीचं काम करायचं एक वळण होतं. बेशुद्ध असो, गुंगीत असो, हात लावायच्या आधी ती माणसाला सांगायची. "दादा, मी आम्रपाली. आज शुक्रवार. आता डावा हात उचलते." "दादा, आता नळीतलं पाणी ओढणार, खोकला येईल, घाबरायचं न्हाई." पहिल्यांदा बनुबाईंना हसू आलं होतं, भिंतीशी बोलावं तसं काय बोलते ही. मग त्याही तशाच बोलायला लागल्या, फक्त त्यांचं थोडक्यात संपायचं नाही. आणि अंघोळीच्या आधी आम्रपाली आता बोळात येऊन काचेपाशी उभ्या असलेल्यांना मोठ्यानं सांगायची, की मी आता ह्यांना पुसून घेणार, डोळे झाकणार, पडदा ओढणार, कुणी घाबरू नका. अथणीच्या माणसांना ते बिराप्पा कानडीत सांगायचा. त्याला ते काम आवडायला लागलं होतं. पुढं पुढं तर सिस्टरच्या आधीच सांगून मोकळा व्हायचा.

आधी लालासाहेबांच्या पायाचा अंगठा हलला. मग पापणी. मग एके दिवशी त्यांनी भात्याच्या आधी स्वतःच श्वास ओढला. विश्वजीतला मागनं केलेली दुसरी तार गाठली नव्हती; तो पहिलीच तार घेऊन बापाच्या तेराव्याला म्हणून आला, तर बाप खाटेवर बसून चमच्यानं पेज खात होता.  गावाकडं तात्याबानं तोडलेले तिरडीचे बांबू तसेच पडून होते. ते त्यानं घेवड्याच्या मांडवाला लावले. त्या वर्षी घेवडा लय लागला. लालासाहेब तो मिटक्या मारत खायचे, आणि बांबू कुठले हे कुणी त्यांना सांगायचं नाही असं गावात ठरलं होतं. सांगायची बनुबाईंनी सोय ठेवली नव्हती.

मधे चार वर्षं गेली. आम्रपालीची बदली साताऱ्याला झाली. दिवाळीला तिचं कार्ड यायचं, नागपंचमीला माहेरी आली की ती वाट वाकडी करून यायची, आणि बनुबाई तिला पोळ्यांचा डबा भरून द्यायच्या. तिच्याशी त्या सांगलीच्या गप्पा काढायच्या. त्या झाडाखालची कोण कुठं गेली, तासगावच्या त्या बाईचा पोरगा वाचला का, बिराप्पा काय करतो. माणसाला कधी कधी आपल्या सगळ्यात वाईट दिवसांचीच ओढ लागते. बनुबाईंना लागली होती.

अठ्ठ्याण्णवच्या थंडीत आम्रपाली आली ती काम घेऊन. साताऱ्याला नर्सबायकांची बैठक होती. तिच्यासारख्या, मरणाच्या दारातल्या माणसांची राखण करणाऱ्या. वेगवेगळ्या देशांतल्या अशा सगळ्या सिस्टरांचा मिळून एक संघ काढायचा चालला होता. त्याआधी ठिकठिकाणी बसून त्या ठरवून कागदावर मांडत होत्या, की बोली वेगळी, पैसा वेगळा, दवाखाने वेगळे, पण आपण सगळ्याजणी मिळून काय मानतो आणि कुठवर पोचायचंय. मनिलाची एक बाई येणार होती, सिडनीची एक, काठमांडूची एक. आम्रपालीला त्या कागदात एक गोष्ट घालायची होती. आजाऱ्याच्या घरचं एक माणूस त्याच्या उशाला असलं पाहिजे. पण निम्म्या जणींना ते पटत नव्हतं. तुम्ही दोघं येऊन सांगा, असं तिचं म्हणणं.

बनुबाई आधी नाहीच म्हणाल्या. परदेशातल्या बायांसमोर आमच्या गावचा ट्रक कशाला? मग आम्रपालीनं पहिल्यांदाच ऑफिसातल्या त्या दोन पेशींची गोष्ट सांगितली. बनुबाईंनी ती ऐकली, चूल फुंकली, आणि आतल्या खोलीत जाऊन इरकल लुगडं बाहेर काढलं.

पोवई नाक्याजवळच्या एका हॉलात खुर्च्या मांडल्या होत्या. पांढऱ्या साड्या, निळे काठ, आणि मधे तीन परदेशी पाहुण्या. आम्रपाली बनुबाई आणि लालासाहेबांच्या मधे बसून हळू आवाजात सगळं मराठीत सांगत होती. बराच कागद एकमतानं पुढं सरकला. आजारी माणूस कुठल्या जातीचा, कुठल्या देशाचा, खिशात काय, हे खाटेपाशी विचारायचं नाही. तो ऐकतोय असं धरूनच त्याच्याशी बोलायचं. एकटीच्या जिवावर भरलेला वॉर्ड टाकायचा नाही. जी शिकली तिनं दुसरीला शिकवायचं, आणि तालुक्याच्या दवाखान्यातली एकटी सिस्टर अडली तर तिला विचारायला कुणीतरी हवं, मग ते माणूस समुद्रापलीकडचं का असेना. बनुबाईंना हे सगळं ऐकून नवल वाटलं. इतक्या लांबून येऊन ह्या बाया बोलत होत्या ते सांगलीच्या त्याच वॉर्डात राहून गेल्यासारखं.

मग उशाचा विषय निघाला, आम्रपालीनं सांगलीची सगळी गोष्ट सांगितली, आणि गाडं अडलं. मोठ्या शहरातल्या एक पोक्त सिस्टर उठल्या. त्या चांगल्या बाई होत्या, त्यांच्या बोलण्यात कळवळा होता. त्या म्हणाल्या, आमच्याकडं एका पेशंटमागं चाळभर माणसं येतात, एकाला घेतलं की दहा भांडतात, आणि रात्रपाळीला मी एकटी, पेशंट बघू की पोलीस होऊ? पुष्कळ माना हलल्या. मनिलाच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडं आजाऱ्यांच्या आया खाटेखाली चटई टाकून झोपतात, त्यांना हलवणंच अवघड. सिडनीच्या बाईंनी मार्ग काढला, की असं लिहू, जमेल तिथे नातेवाइकाला जवळ येऊ द्यावं.

आम्रपालीनं ते मराठीत सांगितलं आणि बनुबाई उभ्या राहिल्या.

"जमंल तिथं म्हंजी कुठंच न्हाई," त्या म्हणाल्या. "आमची ग्रामपंचायत बी जमंल तिथंच रस्ता करती. माज्या दारापातूर अजून जमला न्हाई तिला."

हॉलात हशा झाला. पण हशानं कागद बदलत नाही. पोक्त सिस्टर हसत हसतच मान हलवत होत्या. मग आतापर्यंत नुसत्या ऐकत बसलेल्या काठमांडूच्या बाईंनी लालासाहेबांकडं बघून विचारलं. ह्यांना तेव्हा ऐकू येत होतं म्हणता, तर ह्यांना काय ऐकू आलं?

चार वर्षांत हे बनुबाईंनी कधी विचारलं नव्हतं. विचारावंसं वाटायचं आणि धीर व्हायचा नाही. लालासाहेब आपण होऊन सांगणारे नव्हते. आता ते उठले, हात पाठीमागं बांधले, साहेबासमोर उभं राहावं तसे.

"मी फौजी मानूस," ते म्हणाले. "डोळं उघडंना, बोट हलंना. कान चालू व्हतं. ही पोरगी येऊन सांगायची, दादा मी आम्रपाली, आज अमका वार. बरं वाटायचं. कुनीतरी हजेरी घेतंय असं. मग त्या दिवशी भायेर रडारड झाली. माझं नाव घिऊन. सुलाकाकीनं माझं गुन सांगाय सुरवात केली. आमच्याकडं जित्त्या मानसाचं गुन कोन सांगत न्हाई. तवा म्या मानलं, की मी गेलो. खरंच मानलं. म्हणलं, असंच असतंय वाटतं, ऐकू येत ऱ्हातं. मग झुंजायचं सोडलं म्या. कशाला झुंजायचं?"

आम्रपाली इंग्रजीत सांगत होती.  तिनं घोटभर पाणी पिऊन पुढं सांगितलं.

"मग ही आत आली. आल्या आल्या मला बोलाय लागली. म्हशीवरनं, पान्यावरनं, पेन्शनीवरनं. म्या म्हणलं, आता मेलेल्या मानसाला कुनी असं बोलत न्हाई. म्हंजी मी हाय. मग लागलो पुन्हा." एवढं बोलून ते बसले. त्यांच्या आयुष्यातलं एवढं लांब भाषण ते एकच.

हसू आलं ते हॉलभर पसरायच्या आधीच विरलं.  मग पोक्त सिस्टरनी आपल्या मांडीवरच्या कागदावर पेननं काहीतरी खोडलं आणि म्हणाल्या, एकच माणूस, हात धुऊन, आणि त्याला काय बघायला मिळणार ते सिस्टरनं आधी तोंडानं सांगायचं, एवढं असेल तर माझा हात वर. एकेक हात वर गेला. सगळे नाही गेले. पण पुरेसे गेले, आणि "जमेल तिथे" निघालं. मनिलाच्या बाईंनी बनुबाईंजवळ येऊन त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि काहीतरी बोलल्या. आम्रपाली ते सांगायला लागली तर बनुबाईंनी तिला थांबवलं. कळलं होतं त्यांना.

संध्याकाळी साताऱ्याच्या स्टँडवरून कराडची गाडी मिळाली. आम्रपालीनं कंदी पेढ्यांचा पुडा दिला आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभी राहिली. गाडी निघाली, शेंद्र्याचा फाटा गेला, अंधारायला लागलं. बनुबाई खिडकीबाहेर बघत होत्या. तीस आणि चार वर्षं ज्या माणसाबरोबर काढली त्यानं आज लोकांत आपल्याबद्दल जे सांगितलं ते त्या मनात उलटंपालटं करत होत्या. त्याला म्हणे वाटलं होतं, आपण गेलो. एकटा पडून त्यानं ते मानलंसुद्धा होतं. आणि आपण त्या वेळी काचेच्या ह्या बाजूला, पायऱ्यांवर, झाडाखाली. त्यांना हुंदका आला तो त्यांनी पदरात दाबला.

लालासाहेब मघापासून अस्वस्थ होते. एकदा पुडा ह्या हातातनं त्या हातात घेतला. एकदा खिडकी लावली, एकदा उघडली. शेवटी म्हणाले, "बोल की."

"काय बोलू?"

"काय बी. तू गप बसलीस की मला भ्या वाटतंय."

बनुबाईंनी डोळे पुसले आणि नाक शिंकरलं. मग त्यांनी सुरुवात केली ती कंडक्टरपासून, ज्यानं चार आणे सुट्टे नाहीत म्हणून चेहरा केला होता. मग साताऱ्यातल्या चहावर आल्या, मग लालासाहेबांच्या त्या हात मागं बांधून उभं राहण्यावर, की शाळेतल्या पोरागत उभा ऱ्हायला, माणसं काय म्हणली असतील. लालासाहेब पाठ टेकून, डोळे मिटून ऐकत होते. मागच्या बाकावरच्या बाईनं आपल्या नवऱ्याला विचारलं, काय झालंय ह्यांच्यात एवढं. गाडी कराडच्या स्टँडात शिरली तरी बनुबाईंचं बोलणं अजून फिरून फिरून चहापाशीच येत होतं.